तीन आसनांचे अलिझे : लोअर परळमधील एका मॉडेल कार्यशाळेचे काम

नौदलाच्या हवाई शाखेतून निवृत्त झालेल्यांच्या आमच्या मंडळाने १९७१ च्या युद्धात पाडल्या गेलेल्या एका अलिझे या पाणबुडीशोधक विमानाची प्रतिकृती लोअर परळमधील एका मॉडेल कार्यशाळेकडून करून घेतली. एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात हे काम चालते. बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेल करणे हा त्यांचा मुख्य धंदा असून जहाजे आणि विमाने ते मागणीप्रमाणे करून देतात. प्रतिकृती मंडळाच्या वाचनालयात येऊन एक पावसाळा उलटला आहे, त्यामुळे तिच्याविषयी आता पुरेशा खात्रीने लिहिता येईल.

आम्हाला अलिझेच का हवे होते, हे सांगितल्याशिवाय कामाची पारख नीट करता येणार नाही. १९७१ म्हटले की मुंबईकरांना कराचीवरचा क्षेपणास्त्र हल्ला आठवतो, विमानवाहू जहाज ‘विक्रांत’ आठवते आणि ‘खुकरी’ ही युद्धनौका आठवते. ‘खुकरी’ ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. त्यानंतर पाणबुडीचा शोध सुरू असतानाच, दुसऱ्या दिवशी म्हणजे १० डिसेंबरला, अरबी समुद्रावर उडणारे ३१० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे एक अलिझे पाकिस्तानी एफ-१०४ स्टारफायटरने पाडले. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि एअरक्रूमन विजयन यांच्यापैकी कोणीही परतले नाही. पाणबुडी हुडकण्यासाठी बांधलेले, एका टर्बोप्रॉप इंजिनावर चालणारे हे संथ विमान आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे लढाऊ जेट, अशी ती गाठ होती. ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉक या लढाऊ जेट आणि अलिझे विमानांनी बंगालच्या उपसागरात जे केले ते योग्यच गौरवाने सांगितले जाते, पश्चिमेकडे गेलेल्या या तिघांची नावे मात्र मुंबईतल्या कार्यक्रमांत क्वचितच घेतली जातात.

प्रत्यक्ष अलिझे पाहायचे तर गोव्यातील नौदल हवाई संग्रहालय गाठावे लागते. ‘विक्रांत’ स्वतः २००१ ते २०१२ मुंबई बंदरात संग्रहालय म्हणून उभी होती, पण २०१४ मध्ये दारूखान्याला, मुंबईतल्या जहाजतोडणीच्या जागी, तिची तोडणी सुरू झाली. तिच्या धातूतून घडवलेले स्मारक २०१६ पासून लायन गेटजवळ उभे आहे. ते देखणे आहे, परंतु विमानात माणसे कोठे बसत, काय करत, हे त्यातून कळणार नाही, आणि ते सांगणे हे त्या शिल्पाचे कामही नव्हे. आम्हाला नेमके तेच दाखवायचे होते.

कार्यशाळेकडे आम्ही १:४८ प्रमाण ठरवले. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार १५.६ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत तो ३२.५ सेंटिमीटर येतो. काम घेणाऱ्या तरुण कारागिराने रंगाविषयी किंवा स्टँडविषयी विचारण्याआधी विचारले, “काका, आत किती जण बसायचे आणि कोणाचे तोंड कोणत्या बाजूला?” गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर या विमानांच्या देखभालीत मी काही वर्षे काढली आहेत, त्यामुळे या प्रश्नाचे मोल मला लगेच कळले. बाजारात मिळणाऱ्या तयार मॉडेलांत काच बहुधा काळ्या रंगाने भरलेली असते, आत माणूस असल्याची खूणसुद्धा नसते. अलिझेत वैमानिक पुढे डावीकडे, नॅव्हिगेटर त्याच्या शेजारी उजवीकडे आणि तिसरा माणूस त्यांच्या मागे आडवा, उपकरणांकडे तोंड करून बसे. हे मागचे आसन सहसा नौसैनिकाचे असे.

प्रतिकृतीत पारदर्शक छताखाली ही तिन्ही आसने आहेत आणि तिन्ही भरलेली आहेत. पुढच्या दोघांची शिरस्त्राणे बाहेरून सहज दिसतात. मागचा माणूस पाहायचा तर बाजूच्या लहान खिडकीला डोळा लावावा लागतो. तेथे वाकून बसलेली पाठ, पुढे केलेला उजवा हात आणि त्याच्यासमोरचे करड्या रंगाचे पॅनेल दिसते. हे पॅनेल माझ्या नखाएवढेही नाही, तरीही त्यावर गोल पडदा कोरलेला आहे. वाचनालयात येणारी मुले त्या खिडकीत डोकावतात आणि हा कोण म्हणून विचारतात, तेव्हा विजयन यांचे नाव सांगता येते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या कामाला उत्तम म्हणेन.

बाहेरचे कामही जाणकाराला पटेल असे आहे. विमान गस्तीवर असल्याप्रमाणे पोटाखालचा रडारचा घुमट खाली उतरवलेला आहे, तो आत ओढून घेतलेला दाखवणे सोपे गेले असते. चाके आणि सोनोबॉय (पाणबुडीचा आवाज टिपण्यासाठी समुद्रात टाकायची उपकरणे) सामावणारे पंखांवरचे फुगवटे योग्य जागी आहेत, शेपटीखाली जहाजावर उतरताना तारेत अडकणारा अरेस्टर हुक आहे. फिरत्या पंख्यासाठी पारदर्शक चकती बसवली असून उजेडात ती खरोखर फिरत असल्याचा भास होतो. जहाजावर ठेवताना पंख जेथे दुमडतात त्या घडीच्या रेषा मात्र जरा जास्तच खोल कोरल्या गेल्या आहेत. इतक्या लहान प्रमाणात त्या जेमतेम दिसायला हव्या होत्या.

पितळी पाटीने सर्वांत जास्त वेळ खाल्ला. पहिल्या नमुन्यात वैमानिकाचे नाव मोठ्या अक्षरांत, नॅव्हिगेटरचे त्याहून लहान आणि विजयन यांचे तळाशी, जवळजवळ तारखेएवढ्या अक्षरांत होते. हुद्द्यांचा क्रम पाळणे योग्यच आहे, पण अक्षरांचा आकार हुद्द्याप्रमाणे उतरत जाण्याचे कारण नाही, कारण तिघे एकाच विमानात, एकाच क्षणी गेले. आमचे म्हणणे त्यांनी वाद न घालता मान्य केले. दुसऱ्या नमुन्यात नावे सारखी झाली, परंतु कोरणाऱ्या यंत्राच्या फॉन्टमध्ये ‘स्क्वॉड्रन’ची जोडाक्षरे तुटून मध्ये हलन्त उभे राहिले. शहिदांच्या पाटीवर अशुद्ध मराठी चालवून घ्यायची नाही, असे ठरवून आम्ही तीही परत केली. तिसरी पाटी त्यांनी हाताने आखलेल्या अक्षरांवरून, वेगळे पैसे न घेता कोरून दिली आणि ती निर्दोष आहे.

तक्रारी दोन आहेत. पाट्यांच्या या फेऱ्या धरल्या तरी काम ठरल्या तारखेपेक्षा बरेच लांबले, आणि १० डिसेंबरचा आमचा कार्यक्रम प्रतिकृतीशिवाय, केवळ छायाचित्रावर करावा लागला. बिल्डरांचे काम आले की आमचे मागे पडत होते, हे त्यांनी निदान आधी कळवायला हवे होते. दुसरी तक्रार पेटीची. ॲक्रिलिकचे झाकण खालच्या चौकटीत घट्ट बसत नाही, त्यामुळे धूळ आत जाते. तळाला सागवान सांगितले असताना कडेला व्हिनियरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, पट्टी लावलेली निघाली आणि पावसाळ्यात ती एका कोपऱ्यात सुटली. दाखवल्यावर पट्टी चिकटवून दिली, पण मुंबईच्या दमट हवेत मुळात अखंड लाकूडच वापरायला हवे.

पेटी आणि पाटी धरून आम्हाला ३८,००० रुपये पडले. तयार मॉडेलच्या तुलनेत ही रक्कम मोठी आहे, मात्र तयार मॉडेलमध्ये आमचे तिघे नाहीत. कोणाला असे काम करून घ्यायचे असल्यास छायाचित्रे सर्व बाजूंची द्यावीत, आसनांची रचना स्वतः कागदावर काढून द्यावी, पाटीचा मजकूर लेखी द्यावा, कोरण्याआधी तो कागदावर छापून तपासावा आणि पेटी दुसरीकडून, काचेची करून घ्यावी. आम्ही आता याच कार्यशाळेकडे ३०० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे सी हॉक नोंदवले आहे. ४ डिसेंबर १९७१ रोजी ‘विक्रांत’वरून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बझारवर हल्ल्यासाठी गेलेल्या विमानांपैकी एक, एकाच वैमानिकाचे. या वेळी तारीख करारात घातली आहे आणि पेटीचे काम त्यांच्याकडे दिलेले नाही.