‘मेलेल्या’ तांब्याच्या बदल्यात

आईची तांब्याची कळशी मी माझ्या हाताने देऊन बसले. तुमच्या दारात अशी माणसं आली तर तुमचं तसं होऊ नये, म्हणून लिहिते आहे.

पुण्यात आमच्या सोसायटीत दोघं जण टेम्पो घेऊन आले होते. जुनं भांडं द्या, वर थोडे पैसे द्या, नवं घ्या. आईची कळशी माळ्यावर काळी पडलेली होती, गळ्याशी हिरवे डाग. ती हातात घेऊन एक जण म्हणाला, “काकू, हे तांबं मेलंय. जिवंत तांबं श्वास घेतं. मेलेल्यातलं पाणी लेकरांना पाजू नका.” घरात लहान नातू, मी घाबरले. कळशी दिली, वर १२०० रुपये मोजले आणि लालबुंद, लखलखीत नवी कळशी घेतली.

तीन आठवड्यांत तिच्या तळाला चरा पडला आणि तिथून गंज फुटला. तांब्याला असा गंज धरत नाही. फ्रीजवरचं लोहचुंबक लावलं, ते घट्ट चिकटलं. कसब्यात तांबट आळीत घेऊन गेले. कारागिराने काठावर कानस फिरवली, तर आत करडा पत्रा. लोखंडावर तांब्याचा पातळ मुलामा होता, आणि असा मुलामा खरवडला गेला की आतलं लोखंड उलट लवकर गंजतं.

मुळात तांबं जगतही नाही, मरतही नाही. ते खात नाही, वाढत नाही, श्वास घेत नाही. हवेतल्या ऑक्सिजनने ते काळवंडतं, ओल आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला की हिरवं होतं. ते हिरवं पोटात जाऊ नये हे खरं, पण ते फक्त वरच्या थरात असतं. चिंच-मीठ लावून घासलं की खाली तेच तांबं, पन्नास वर्षांपूर्वीचं.

नुसत्या लोहचुंबकावर मात्र विसंबू नका, तांब्यासारखंच ॲल्युमिनियमही त्याला चिकटत नाही. पेल्यासारखं लहान भांडं असेल तर वजन करा, मग काठोकाठ भरलेल्या पातेल्यात पूर्ण बुडवून किती पाणी सांडतं ते मोजा. एक घन सेंटिमीटर तांब्याचं वजन ८.९६ ग्रॅम, लोखंडाचं ७.८७, ॲल्युमिनियमचं २.७. म्हणजे २७० ग्रॅमच्या तांब्याच्या पेल्याने साधारण ३० मिलिलिटर पाणी सांडायला हवं. पितळ वजनाला तांब्याच्या जवळ जातं, पण कानस फिरवली की त्याचा पिवळा रंग लपत नाही. मोठ्या भांड्याला काठावर कानस लावून दाखवायला सांगा. विकणारा नको म्हणाला तर घेऊ नका.

पावतीवर ‘कॉपर फिनिश कळशी’ एवढंच लिहिलेलं होतं. मी ती घरी येऊन वाचली. खाली दिलेला नंबर लागत नाही.

तांबट काकांनी जुन्या कळशीबद्दल विचारलं. अंगावर मठाराचे, म्हणजे हातोडीने घडवल्याचे, ठोके होते, दोन किलोच्या आसपास भरायची, असं मी सांगितलं. ते म्हणाले, “अर्ध्या तासात उजळून दिली असती.”