पुण्याहून नामिबिया: आधी बँड, मग अँटेना, मोड शेवटी

नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारा, पहिला प्रश्न विचारतो तो मोडचा, म्हणजे संदेश पाठवण्याच्या पद्धतीचा: संगणकावरचं एफटी८ घ्यावं, मोर्स शिकावं की माइकवर बोलावं? नामिबियाशी संपर्क साधायचा तर, म्हणजे व्ही५ साठी (तिथल्या स्टेशनांच्या ओळखनावाची, कॉलसाइनची, सुरुवात व्ही५ ने होते), हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. चुकीच्या वेळी चुकीच्या बँडवर (लहरीच्या लांबीने ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यावर, जसा १० मीटर) बसलं तर कोणताच मोड वाचवत नाही.

पुणे ते विंडहुक अंतर सुमारे ७७०० किलोमीटर आणि दिशा २३६ अंश, म्हणजे नैऋत्येच्या थोडी पश्चिमेला. ही वाट ध्रुवीय प्रदेशाच्या जवळपासही फिरकत नाही, त्यामुळे अमेरिकेच्या वाटेवर छळणारं तिथलं शोषण इथे आड येत नाही. उलट वाट चुंबकीय विषुववृत्त ओलांडते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आयनांबर, म्हणजे लहरी परतवणारा वरच्या हवेतला विद्युतभारित थर, दाट असतं. वरच्या (कमी मीटरच्या) बँडना याचा मोठा फायदा होतो.

मार्च किंवा सप्टेंबरमधला दिवस धरला तर विंडहुकला सूर्य भारतीय वेळेनुसार सकाळी १०.२० च्या आसपास उगवतो आणि रात्री तितक्याच वाजता मावळतो. पुण्यात सूर्यास्त ६.३५ च्या सुमारास. म्हणजे सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेसहा दोन्हीकडे ऊन, आणि रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा दोन्हीकडे अंधार. बँडची निवड इथूनच सुरू होते.

दुपार मोकळी असेल तर १० आणि १५ मीटर घ्या. साडेअकरा ते एक ही वेळ हिवाळ्यात विशेष मोलाची, कारण युरोपात तेव्हा पहाट असते आणि तिथली गर्दी १० मीटरवर अजून उतरलेली नसते. तासा-दोन तासांनी तोच व्ही५ युरोपियन हाकांच्या ढिगाखाली गाडला जातो. नोकरीवरून संध्याकाळी घरी येणाऱ्याने आधी १५ आणि १७ मीटर ऐकावेत, मग सातपासून मध्यरात्रीपर्यंत २० मीटर. दुपारी २० मीटरवर हट्ट धरू नये. उन्हात आयनांबराचा खालचा थर सिग्नल शोषून घेतो. ४० मीटर हे रात्री जागणाऱ्यांचं काम आहे, आणि जानेवारी ते मार्च नामिबियाच्या वादळी पावसाचा कडकडाट समोरच्याच्या कानात असतो, हे धरून चालावं. एक सावधगिरी: सध्याच्या २५ व्या सौरचक्राचा शिखरकाळ २०२४ च्या आसपास होता. पुढे सौर क्रिया मंदावेल तसा १० मीटर सगळ्यांत आधी रुसेल. तो बँड आत्ताच वापरून घ्यावा.

बँड उघडा आहे का, हे हाका मारत बसण्याआधी तपासता येतं. प्रिटोरियाचा झेडएस६डीएन हा आंतरराष्ट्रीय बीकन (ठरलेल्या वेळी आपोआप खूण पाठवणारं स्टेशन) चालू असेल तेव्हा दर तीन मिनिटांच्या फेरीत १४.१०० मेगाहर्ट्झवर (२० मीटर बँड) १ मिनिट ४० सेकंदांनी, २१.१५० वर (१५ मीटर) २ मिनिटांनी आणि २८.२०० वर (१० मीटर) २ मिनिटे २० सेकंदांनी येतो. कॉलसाइन आणि त्यामागून चार लांब टोन: १०० वॅट, १०, १ आणि ०.१ वॅट. दुसरा टोन ऐकू आला तर साधा डायपोलही (मधोमध केबल जोडलेली सरळ तारेची अँटेना) पुरेल.

आता अँटेना. या अंतरासाठी आयनांबरावरून तीन-चार उड्या लागतात आणि लहर क्षितिजापासून साधारण ७ ते १५ अंशांवर निघायला हवी. सपाट, चांगल्या वाहक जमिनीचं गणित केलं तर १० मीटर उंचीवरचा आडवा डायपोल १० अंशांच्या कोनात स्वतःच्या कमाल जोरापेक्षा किती खाली असतो? १० मीटर बँडवर जेमतेम सव्वा डेसिबल, २० मीटरवर सुमारे ६, आणि ४० मीटरवर जवळपास १२. म्हणजे ४० मीटरवर तुमची बहुतेक शक्ती सरळ आकाशात जाते. म्हणून त्या बँडवर उभी अँटेनाच घ्या: १०.१ मीटरचा उभा भाग आणि त्याला जमिनीपासून वर ताणलेले, तितक्याच लांबीचे निदान चार रेडियल, म्हणजे बुडाशी जोडलेल्या आडव्या तारा. चार मजल्यांच्या इमारतीची गच्ची मिळाली तर २० मीटर बँडचा डायपोलही आपोआप उंच होतो; तिथे यागीवर (एका दिशेला जोर देणाऱ्या अँटेनावर) पैसे घालण्याची घाई नको.

डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये काढायला १४३ ला मेगाहर्ट्झने भागा: २८.४ साठी सुमारे ५.०४ मीटर, १४.१ साठी १०.१४. तारेची टोकं आग्नेय आणि वायव्येकडे ठेवली की रुंद बाजू नामिबियाकडे येते. पूर्व-पश्चिम ताणलेला डायपोल ही इथली हमखास चूक: तारेचं एक टोक नामिबियाच्या बरंच जवळ येतं आणि त्या दिशेचा जोर घटतो. दोन घटकांचा यागी किंवा हेक्सबीम (षटकोनी सांगाड्याची तशीच अँटेना) डायपोलवर तीन ते पाच डेसिबल देतो, पण २० मीटर बँडच्या हेक्सबीमला फिरायला साडेसहा मीटरहून जास्त मोकळी जागा लागते, शिवाय तो फिरवणारा रोटेटर आणि सोसायटीची परवानगी. कोकण किनाऱ्यावर मात्र चित्र वेगळं आहे. नैऋत्येला उघडा खारा समुद्र असेल तर पाण्यालगतची उभी अँटेना कमी कोनात इतकी चांगली चालते, की गच्चीवरच्या महागड्या बीमचा, म्हणजे अशा एका दिशेच्या अँटेनाचा, विचारही करू नये.

बीम घेण्याआधी केबल पाहा. ३० मीटर आरजी-५८ मध्ये २८ मेगाहर्ट्झला सुमारे अडीच डेसिबल जातात. १०० वॅटचे वर पोचतात ५६. आरजी-२१३ मध्ये हे नुकसान निम्म्याहून कमी. जोडणीवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप लावली नाही तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी जाळीतून आत शिरतं आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परतणाऱ्या शक्तीचं माप) चांगला दिसत असताना सिग्नल मरतो. कारण केबलचं वाढलेलं नुकसान परतणारी शक्तीही गिळतं.

मोडकडे शेवटी यायचं. एफटी८ गोंगाटाच्या २१ डेसिबल खालचा सिग्नल वाचतो, सरावलेला कान मोर्स साधारण १५ खाली वाचतो, एसएसबीला, म्हणजे माइकवरच्या बोलण्याला, सिग्नल गोंगाटाच्या स्पष्ट वर लागतो. शहरात, इन्व्हर्टर आणि एलईडींच्या गोंगाटात राहणाऱ्याने पहिला व्ही५ एफटी८ वरच मिळवावा. संगणकाचं घड्याळ एका सेकंदाच्या आत जुळवा, एएलसी (पातळी आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा मीटर) हलणार नाही इतका आवाज ठेवा आणि १०० वॅटचा रिग (रेडिओ संच) ४०-५० वर चालवा, १२.६ सेकंद सलग पूर्ण शक्तीने तो तापतो. नामिबियात गेलेल्या मोहिमेचं स्टेशन फॉक्स पद्धतीने (एकाच वेळी अनेकांना उत्तर देणाऱ्या एफटी८ प्रकाराने) चालत असेल तर १००० हर्ट्झच्या वर हाक मारा. त्याच्याच नव्या रूपासाठी, सुपरफॉक्ससाठी, डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८ च्या सॉफ्टवेअरची २.७ किंवा पुढची आवृत्ती लागते.

मोर्स येत असेल तर पाइलअपमध्ये, म्हणजे एकाच स्टेशनला अनेक जण हाका मारतात तेव्हा, तेच सरस. ‘अप’ ऐकलं की एक-दोन किलोहर्ट्झ वर, जिथे व्ही५ ने शेवटच्या माणसाला उत्तर दिलं त्याच्या जवळ, एकदाच कॉलसाइन द्या. एसएसबीत हे अंतर पाच ते दहा किलोहर्ट्झ असतं. स्प्लिट (ऐकायला एक आणि बोलायला वेगळी फ्रिक्वेन्सी) लावायला विसरलं की तुम्ही थेट व्ही५ च्याच डोक्यावर बोलता आणि त्याला ऐकणारे सगळेच बहिरे होतात. केवळ १०० वॅट आणि डायपोल असेल तर एसएसबी १० मीटरवरच करून पाहावं. समुद्रकाठी किंवा बीमवर मात्र आवाजाने भेटण्याचा आनंद जरूर घ्यावा.

लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदवहीत, वेळ यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ) लिहा. भारतीय वेळ टाकली की साडेपाच तासांचा फरक पडतो आणि लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर (संपर्क पडताळणाऱ्या ऑनलाइन सेवेवर) दोन्ही नोंदी जुळत नाहीत.