हवामानशास्त्र शिकायचंय: परभणीची वाट की पुण्याची?

मराठवाड्यातून हवामानशास्त्राकडे जाणाऱ्या दोन वाटा अकरावीतच फुटतात. तुम्ही गणित ठेवलं की सोडलं, यावर पुढचं बरंच ठरतं.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची वाट शिवारातून जाते. सीईटी, चार वर्षांची बीएस्सी कृषी, मग कृषी हवामानशास्त्रात दोन वर्षांची एमएस्सी. जीवशास्त्र गटालाही प्रवेश खुला. बाष्पीभवन पात्राच्या (रोज किती पाणी उडून जातं ते मोजणाऱ्या भांड्याच्या) नोंदी, जमिनीत ५, १० आणि २० सेंटिमीटरवरचं तापमान, शेतकऱ्यांसाठी मंगळवार-शुक्रवारचा हवामान सल्ला, असं काम. सोयाबीनच्या शेंगा भरताना पावसाने उघडीप दिली तर पाणी कधी द्यायचं, हे सांगणारा माणूस इथे घडतो. नोकरीच्या जागा मात्र मोजक्या आणि बऱ्याच प्रकल्पावरच्या. कृषी विज्ञान केंद्रांतली जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४ मध्ये बंद झाली आणि कंत्राटी माणसं घरी बसली. म्हणून या वाटेने जाताना नेटची (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेची) तयारी एमएस्सीसोबतच हवी.

पुण्याची वाट गणिताची. भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी, मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एमएस्सी. अभियंत्यांना गेट परीक्षा देऊन आयआयटीतही जाता येतं. ढगांच्या ओढीने आलेली मुलं पहिल्याच सत्रात अडतात ती हवेच्या गतीच्या समीकरणांपाशी, कारण कॅल्क्युलस कच्चं असतं. पायथन ही संगणकाची भाषा आणि लिनक्स ही संगणक प्रणाली पदवीच्या काळातच शिकून घ्या. पुढे हवामान विभाग किंवा पुण्यातलीच आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. विभागात वैज्ञानिक सहायक व्हायला मात्र एमएस्सी लागत नाही: २०२२ च्या ९९० जागांना भौतिकशास्त्र विषय असलेली बीएस्सी आणि ६० टक्के पुरत होते, पण बारावीला भौतिकशास्त्र-गणित दोन्ही सक्तीचे होते. त्याआधीची भरती २०१७ ची, म्हणून निव्वळ त्या जाहिरातीच्या भरवशावर बसू नका.

पीकविम्याचं आणि अतिवृष्टीच्या भरपाईचं काम दोन्हीकडच्यांना मिळू शकतं. २४ तासांत ६५ मिलिमीटरवर पाऊस गेला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. जवळच्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा चुकला तर अख्ख्या मंडळाची भरपाई अडू शकते. असा आकडा तपासू शकणारी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत.

ठरत नसेल तर जीवशास्त्रासोबत गणितही ठेवा. आणि एक पावसाळा घरच्या पर्जन्यमापकाची रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या, शेजारी आदल्या दिवशीचा अंदाज लिहा. अंदाज का चुकला हे शोधावंसं वाटलं तर पुणे. त्या पावसाने कापसाचं काय झालं हे आधी पाहावंसं वाटलं तर परभणी.