वाळूवरची परसबाग : माती आणावी, घडवावी की खाली उतरावं?

समुद्राजवळच्या घरात बाग करायची म्हटली की पहिला सल्ला ठरलेला असतो : "वाळूत काही होत नाही, आधी माती टाकून घ्या." मीही टाकली. ट्रकभर लाल माती, वाळूवर वीतभर जाडीचा थर. पहिल्याच जोरदार पावसानंतर वांग्याच्या रोपांनी माना टाकल्या. एक रोप उपटून खाली खणलं, तर वरची माती लगदा होऊन बोटांना चिकटत होती, तिला आंबूस वास येत होता आणि तिच्याखालची वाळू कोरडी ठणठणीत! बारीक कणांच्या थरातलं पाणी खालच्या जाड कणांच्या थरात सहजी उतरत नाही. वरचा थर पुरता चिंब होईपर्यंत ते तिथेच अडून राहतं. मुळं त्या लगद्यात गुदमरली होती.

म्हणून किनाऱ्यावर बाग सुरू करणाऱ्याने झाडांची यादी काढण्याआधी जमिनीचा निर्णय घ्यावा असं मला कळकळीने वाटतं. वाटा तीन आहेत : बाहेरून माती आणून उंच वाफे करणं, आहे त्या वाळूवर पालापाचोळा चढवत माती घडवणं, किंवा वाळूत खाली उतरून खोलगट वाफे करणं. माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे. पण तो प्रत्येक जागेला लागू नाही, म्हणून आधी जागा तपासायची.

आधी दोन बरण्या आणि एक खड्डा

काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा जमीन, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत आणि चिकणमाती दिवसभर पाणी गढूळ ठेवते. तासाभरात पाणी नितळ झालं तर तुमच्याकडे जवळजवळ निव्वळ वाळू आहे. दुसऱ्या बरणीत कोरडी वाळू घेऊन त्यावर व्हिनेगर ओता. फसफसलं तर वाळूत शिंपल्यांचा चुरा आहे, म्हणजे चुना आहे. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथे राख आणि अंड्यांची टरफलं घालू नका. दोन्ही बागकामात भरवशाची मानली जातात, पण चुनखडी वाळूत ती दुखण्यात भरच घालतात.

मग कंबरभर खड्डा. पाणी लागतं का, कितीवर लागतं आणि ते गोडं की मचूळ, हे पावसाळ्यानंतर एकदा आणि कडक उन्हाळ्यात एकदा पाहायचं. चवीवर विसंबू नका. विद्युतवाहकता (पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त) मोजणारं छोटं यंत्र शेजाऱ्याकडून मागून आणा किंवा पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या, कारण जिभेला जेमतेम मचूळ लागणारं पाणीही घेवड्याला जड जातं.

तीन वाटा शेजारी ठेवल्या तर

उंच वाफ्याचं मोठं बळ म्हणजे ओल्या पायांपासून सुटका. पावसाळ्यात पाणी वर येत असेल, भरतीच्या दिवसांत खालून खारी ओल चढत असेल, किंवा घर बांधताना राहिलेला राडारोडा खाली असेल, तर हीच वाट धरावी. पण वाळू आधीच पाणी धरत नाही. तिला वर उचललं की वारा आणि ऊन चारही बाजूंनी ती आणखी सुकवतात. शिवाय माती, कडेचं लाकूड किंवा विटा हे सगळं विकत किंवा निदान वाहून आणावं लागतं. करायचाच असेल तर आणलेली माती वाळूवर पसरू नका, फावड्याने खालच्या वाळूत हातभर खोल मिसळा आणि तितकंच कुजलेलं खत घाला. वेगळा थर राहिला की माझ्या वांग्यांचं झालं तेच होणार.

खोलगट वाफे ही जुनी किनारी शहाणीव आहे. पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावर शेतकऱ्यांनी वाळूच्या टेकड्यांत चौकोनी खोलगट शेतं खणली, त्यांना मसैरा म्हणतात. तळ भूजलाजवळ, चारही बाजूंना उपसलेल्या वाळूचे उतार, त्या उतारांवर द्राक्षवेली आणि तळात भाजी, खताला समुद्रशैवाल. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी लांझारोते बेटावर १७३० ते १७३६ या काळातल्या ज्वालामुखीने जमीन राखेच्या खड्यांखाली गाडली. तिथल्या लोकांनी त्या थरात खळगे खणून द्राक्षं लावली आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल भिंत घातली. वरचे खडे बाष्पीभवन रोखतात. प्रशांत महासागरातल्या किरिबातीच्या प्रवाळबेटांवर गोड्या पाण्याच्या पातळीपर्यंत खड्डे खणून त्यात अळूच्या कुळातला मोठा कंद पिकवतात. तिन्ही ठिकाणी खड्डा वाऱ्यापासून आडोसा देतो, ओल जवळ आणतो आणि वाहून येणारा पालापाचोळा धरून ठेवतो.

मात्र खालचं पाणी खारं झालं की हाच खड्डा सापळा होतो. मोठ्या भरतीचं पाणी शिरल्यावर प्रवाळबेटांवरचे कंदांचे खड्डे निकामी झाले आहेत. मुसळधार पाऊस पडणाऱ्या ठिकाणी खोलगट वाफ्यात पाणीही तुंबतं. मी तो कोरड्या ऋतूपुरताच वापरतो : हातभर खोल आणि तळात दोन ओंजळी शेणखत. पावसाळ्याआधी तो पाल्याने भरून काढतो.

राहिली मधली वाट, आच्छादनाची. वाळूवर जुने पुठ्ठे पाण्यात भिजवून अंथरायचे, चिकटपट्ट्या काढून. वर शेण किंवा अर्धवट कुजलेलं खत, त्यावर वाळलेली पानं, गवत, नारळाची सोडणं, केळीचे सोप. थर वीतभर, पण रोपाच्या बुंध्यापासून चार बोटं दूर. लाकडाच्या ढलप्या वरच ठेवा. वाळूत मिसळल्या तर त्या कुजवताना जिवाणू झाडाच्या वाट्याचा नत्र खाऊन टाकतात. उष्ण दमट हवेत हा थर झपाट्याने बसतो, पावसाळ्यानंतर तर निम्मासुद्धा उरत नाही. इथेच बहुतेक लोक सोडून देतात. पहिली दोन वर्षं हे काम पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि ते कष्टाचं आहे हे लपवण्यात अर्थ नाही. पण केळीच्या बुंध्याशी दीड वर्षाने पाचोळा बाजूला सारला, तेव्हा खाली दोन बोटं जाडीचा काळपट पट्टा होता. मुठीत दाबला तर गोळा टिकत होता आणि त्यात पांढरी बारीक मुळं जाळीसारखी पसरली होती. शेजारच्या उघड्या वाळूचा गोळा मूठ उघडताच विस्कटला. खर्च शून्याच्या जवळ, मोबदला सावकाश : उंच वाफ्यात याच मोसमात भाजी मिळेल, आच्छादनात पहिलं वर्ष चवळी, रताळं, लाल भोपळा एवढ्यावर भागवावं लागेल.

भिंत, जाळी की जिवंत कुंपण

किनाऱ्यावरची झाडं मिठाने मरतात असं आपण म्हणतो, पण ते मीठ पानांवर आणून टाकतो वारा. पानांच्या कडा जळालेल्या दिसल्या आणि जळण्याची बाजू समुद्राकडची असली तर दोष जमिनीला देऊ नका.

पक्की भिंत सर्वांत भक्कम वाटते. प्रत्यक्षात वारा तिच्यावरून उसळी घेऊन मागे भोवऱ्यासारखा कोसळतो आणि भिंतीपासून थोड्या अंतरावरची रोपं जास्तच झोडपली जातात. साधारण निम्मा वारा आरपार जाऊ देणारा आडोसा सर्वांत चांगला. तो स्वतःच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करतो. दोन मीटरचं कुंपण असेल तर वीस मीटरची बाग झाकली जाते, म्हणजे एवढ्या कामाला फार उंच झाडं लागतही नाहीत.

जाळी किंवा झावळ्यांचा कूड आजच्या आज उभा राहतो, पण वर्षा-दोन वर्षांत विरतो. जिवंत कुंपणाला तीनेक वर्षं लागतात. म्हणून यात निवड करूच नका : आत रोपं लावा आणि बाहेर कूड घाला. समुद्राकडच्या टोकाला मर्यादवेल आणि केवडा, त्यामागे उंडी आणि पारोसा पिंपळ, आतल्या अंगाला छाटून दाट होणारी कोयनेल आणि गिरिपुष्प. गिरिपुष्प खाऱ्या वाऱ्याला पहिल्या रांगेत टिकत नाही, पण दुसऱ्या रांगेत ते सोनं आहे. त्याचा नत्रयुक्त पाला छाटून सरळ वाफ्यावर टाकता येतो. सुरूचा वृक्ष भराभर वाढतो आणि वाऱ्याला खंबीर उभा राहतो, तरी लहान परसात मी तो लावणार नाही. त्याच्या सुयांच्या जाड गादीखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, आणि मुळं भाजीच्या वाफ्यातली ओल ओढतात.

मर्यादवेल आधीपासून असेल तर ती "साफ" करू नका. वाळू तिनेच धरून ठेवलेली असते.

पाणी

किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर सैद्धांतिक हिशेबाने खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. हाच हिशेब उलटाही चालतो : उपशाने वरची पातळी थोडी घसरली की खालचं खारं पाणी कितीतरी जास्त वर चढतं. म्हणून विहिरीवर मोठा पंप बसवून बाग भिजवण्यापेक्षा थोडं थोडं उपसणं बरं, आणि छपराचं पाणी साठवणं त्याहून बरं. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी; पन्नास चौरस मीटरवर दहा मिलिमीटरची एकच सर पाचशे लिटर देते. वाऱ्याच्या दिवसांनंतरची पहिली सर सोडून द्या, तिच्यात छपरावर बसलेलं मीठ असतं.

ठिबक की मडकं? वाळूत ठिबकचं पाणी आडवं पसरत नाही, गाजरासारखं सरळ खाली जातं, त्यामुळे ते रोज आणि थोडं द्यावं लागतं. बिनझिलईचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं तर मुळांना लागेल तसं पाणी झिरपतं. ही रीत चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात नोंदलेली आहे. वेलांसाठी आणि फळझाडांच्या नव्या रोपांसाठी मी मडक्यालाच मत देईन. पालेभाजीच्या दाट वाफ्याला ते पुरत नाही. मचूळ पाणी भरलं तर मडक्याची छिद्रं क्षारांनी बुजतात.

खत : द्रवरूप, ढिगारा की शैवाल

दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचं पीठ आणि मूठभर माती घालून जीवामृत करणारे पुष्कळ आहेत. मीही करतो. पण उघड्या वाळूवर ते ओतलं तर पाण्यासारखं खाली निघून जातं. ज्यावर जिवाणूंनी राहायचं तो पाचोळाच तिथे नसतो. आधी आच्छादन, मग जीवामृत, हा क्रम मोडू नये.

ढिगाऱ्याचं कंपोस्ट हा वाळूचा खरा आधार. वाळलेलं आणि हिरवं असं रचायचं की कर्ब नत्राच्या पंचवीस ते तीस पट राहील. ढोबळ मानाने दोन-तीन टोपल्या सुका पाला आणि एक टोपली हिरवा पाला किंवा शेण. पावसाळ्यात ढीग झाका, नाहीतर त्याचं सत्त्व वाहून वाळूत मुरतं.

समुद्रशैवाल पालाशाने समृद्ध, स्फुरदाला गरीब. आयर्लंडजवळच्या अरान बेटांवर लोकांनी नुसत्या खडकावर वाळू आणि शैवाल रचून बटाट्याची शेतं केली, इतकी त्याची ताकद आहे. तरी त्याला मुख्य खत मानू नये. वादळानंतर किनाऱ्यावर सुटा पडलेला ढीगच घ्या, तोही थोडाच आणि तिथल्या नियमात बसत असेल तर. त्या ओल्या रेघेत किती तरी जीव राहतात आणि पक्षी तिथेच खातात. खडकावरचं शैवाल ओरबाडू नका. घरी आणून एक-दोन पावसात धुऊ द्या, मग ढिगात मिसळा.

काय लावावं

मास आणि हॉफमन या अमेरिकी संशोधकांनी १९७७ साली पिकांच्या क्षारसहनशीलतेचे आकडे मांडले, ते आजही उपयोगी आहेत. मुळांपाशी विद्युतवाहकता किती झाली की उत्पन्न घटू लागतं, ते डेसीसीमेन्स प्रति मीटरमध्ये असं : घेवडा आणि गाजर १, कांदा १.२, टोमॅटो २.५, बीट ४, चवळी ४.९ (चवळीचा आकडा नंतरच्या प्रयोगांतला). समुद्राचं पाणी पन्नासच्या आसपास. तेव्हा घेवड्याच्या जागी चवळी ही साधी अदलाबदल अर्धी निराशा टाळते. बीट आणि कोबी यांचे रानटी पूर्वज समुद्रकाठचेच आहेत.

वैविध्य एका दिवसात लावू नये. जावा बेटावरच्या घराभोवतालच्या बागांत नारळाखाली फळझाडं, त्याखाली केळी, मग कंद आणि जमिनीवर वेल अशी उतरंड दिसते, पण ती सावली वाढेल तशी भरत गेलेली असते. पहिल्या वर्षी कुंपण, शेवगा, केळी आणि जमीन झाकणारे वेल. आडोसा लागल्यावर पपई, लिंबू, मिरची. हळद, आलं, अळू सावली आल्यावरच. सगळ्यांत नाजूक फळझाड सगळ्यांत शेवटी आणि घराच्या आडोशाला.

भाड्याच्या घरात असाल तर कुंपणाच्या नादी लागू नका. घराच्या वाऱ्यामागच्या बाजूला कुंड्या आणि दोन पुरलेली मडकी पुरेत. खाली पाणी वर येत असेल तर उंच वाफा, मिसळून केलेला. कोरडा वारा आणि गोडं भूजल असेल तर खोलगट. बाकी सगळ्यांनी एक खाटेएवढा तुकडा घ्यावा, त्यावर पावसाळ्याआधी वीतभर पाचोळा चढवावा आणि संपूर्ण परसाचा विचार पुढच्या वर्षावर टाकावा.

माझ्या लाल मातीचा तो थर मी दुसऱ्या वर्षी काट्याच्या फावड्याने खालच्या वाळूत मिसळला, वर गिरिपुष्पाचा पाला टाकला आणि चवळी पेरली. शेंगा काढून वेल तिथेच कापून पाडले. परवा तिथे हळद खणली, तेव्हा कंदाला चिकटून आलेली माती लालही नव्हती आणि वाळूही नव्हती.