अल्बर्स की हॉफमान? रंग शिकताना आधी कोणाची पद्धत धरावी

जोसेफ अल्बर्स आणि हान्स हॉफमान हे दोघेही जर्मन चित्रकार आणि दोघेही नावाजलेले कलाशिक्षक. दोघांनी जर्मनीत शिकवायला सुरुवात केली, पुढे अमेरिकेत पिढ्या घडवल्या आणि १९५८ मध्येच नियमित शिकवणं थांबवलं. पण पद्धती इतक्या वेगळ्या, की एकदम दोन्ही धरल्या तर गोंधळच होईल. आमचं मत स्पष्ट आहे: घरी एकट्यानं शिकत असाल तर अल्बर्स. चित्रासमोर उभं राहून चूक दाखवणारा शिक्षक नियमित भेटत असेल तर हॉफमान.

याचं कारण त्यांच्या आयुष्यातच सापडतं. अल्बर्स १८८८ चे, बोट्रॉपचे. वडील घरं रंगवणारे कारागीर. अल्बर्स आधी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९२० मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १९२३ पासून तिथेच पायाभूत अभ्यासक्रम शिकवू लागले. १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडलं. मग अमेरिकेत १९४९ पर्यंत ब्लॅक माउंटन कॉलेज आणि १९५० पासून येल विद्यापीठ. म्हणजे जवळजवळ सगळी कारकीर्द संस्थांमध्ये गेली, दरवर्षी समोर नवा वर्ग. त्यामुळे त्यांचे धडे नेमके आहेत आणि जमले की नाही हे विद्यार्थ्याला स्वतःला तपासता येतं. १९६३ च्या ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ या पुस्तकात ते क्रमानं मांडलेले आहेत.

पहिला धडा असा: एकच रंग दोन वेगळे रंग वाटला पाहिजे. एक हिरवा आणि एक नारिंगी कागद घ्या, दोघांचा उजळपणा साधारण सारखा असावा. प्रत्येकाचा १२ सेंमीचा चौरस कापा. त्या दोन रंगांच्या मधला, मातकट पिवळा कागद निवडून त्यातून २ सेंमीचे दोन तुकडे कापा आणि एकेका चौरसाच्या मधोमध ठेवा. पार्श्वभूमी आपला रंग त्या तुकड्यातून जणू वजा करते; म्हणून हिरव्यावर तो तांबूस दिसतो, नारिंगीवर हिरवट. खात्रीसाठी त्याच कागदाची लांब पट्टी दोन्हींवरून आडवी ठेवा.

फसतं कुठे? तुकडा मोठा कापला की परिणाम ओसरतो. पातळ गोंदानं कागद फुगतो आणि त्याची सावली रंगात मिसळते, म्हणून ग्लू स्टिक वापरा. गुळगुळीत कागद चकाकतो. मोबाइलवर फोटो काढून निकाल ठरवू नका, कॅमेरा रंग आपल्या हिशेबानं बदलतो. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात कागदच बघा. रंगाच्या जागी कागद का? कारण ब्रशनं तीच छटा दुसऱ्यांदा तंतोतंत जुळवणं फार कठीण, आणि मिश्रणातच वेळ जातो. जुनी मासिकं आणि वेष्टनांचे तुकडे पुरतात. अल्बर्सही असलेच कागद वापरायला सांगत. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेसाठी रंगचक्र घोटलेल्यांना हा धडा सुरुवातीला खटकतो, कारण इथे रंगाचं नाव नव्हे, शेजार महत्त्वाचा.

हॉफमान १८८० चे, बव्हेरियातल्या वायसेनबुर्गचे. १९०४ ते १९१४ पॅरिसमध्ये राहिले. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते जर्मनीत होते, पॅरिसला परतता आलं नाही. १९१५ मध्ये त्यांनी म्युनिकला स्वतःची शाळा काढली, पुढे अमेरिकेत न्यूयॉर्कला आणि उन्हाळ्यात प्रॉव्हिन्सटाउन गावी. ली क्रॅस्नर आणि हेलन फ्रँकेन्थेलर या अमेरिकन चित्रकार त्यांच्याकडे शिकल्या.

त्यांचा धडा कोळशापासून सुरू होतो. मोठा कागद घ्या, साधारण ५६ × ७६ सेंमीचा. समोर मॉडेल किंवा वस्तू. पहिली रेघ मारण्याआधी कागदाच्या चार कडा बघायच्या, कारण प्रत्येक रेघ त्या चार कडांशी नातं जोडते. चित्रात खोलपणा दाखवायचा तो सपाट पृष्ठभाग आणि रंग यांच्या ओढाताणीतून. ‘पुश अँड पुल’ ते हेच. आकृती मधोमध काढून भोवती कोरी जागा सोडणं ही नेहमीची चूक. ती दाखवायला हॉफमान कधी विद्यार्थ्याचं चित्र फाडून तुकडे सरकवत. हे एकट्याला साधत नाही, कारण आपल्या चुकांना आपली नजर सरावते.

दुसरी चूक म्हणजे उष्ण रंग पुढे, थंड रंग मागे हा नियम पाठ करणं. मळकट नारिंगीवर धारदार कडेचा गडद निळा पुढे येतो. हे तपासायला हॉफमान यांचीच युक्ती वापरा: अर्धवट चित्रावर रंगीत कागदाचा आयत टाचा, तीन मीटर मागे जा, सरकवून बघा आणि मगच रंग लावा. चित्र वाळलेलं असू द्या.

अल्बर्स यांच्या पद्धतीचा धोका वेगळा आहे. कागदांचे सराव सुबक जमू लागले की माणूस तिथेच रमतो. पहिले आठ-दहा सराव झाले, की निवडलेली एक जोडी ट्यूबमधल्या रंगांनी हार्डबोर्डवर करून बघा. अल्बर्स चौरसांची चित्रं अशीच करत: बोर्डाच्या खडबडीत बाजूला पांढऱ्या अस्तराचे (प्रायमरचे) अनेक थर, वर पॅलेट नाइफनं बहुतेक रंग न मिसळता थेट, आणि मागच्या बाजूला वापरलेल्या प्रत्येक रंगाची नोंद, उत्पादकाच्या नावासकट. ही नोंद तुम्हीही ठेवा. एकाच नावाचा रंग दोन कंपन्यांचा घेतला तर शेजाऱ्यावरचा परिणाम बदलतो, आणि नोंद नसेल तर का बदलला ते शोधता येत नाही.