व्हीरॅमचा ओव्हरक्लॉक तपासायचा कशाने: मेमटेस्ट, बेंचमार्क की गेम?

ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा (व्हीरॅमचा) वेग ठरलेल्यापेक्षा वाढवायला, म्हणजे ओव्हरक्लॉक करायला, मिनिटही लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये मेमरी क्लॉकची (वेगाची) पट्टी सरकवायची आणि लागू करायचं. वाढवलेला वेग कार्डाला खरोखर झेपतोय का, हे ठरवताना मात्र बहुतेकांचं घोडं अडतं. साधनं तीन प्रकारची आहेत: चुका मोजणारी (मेमटेस्ट), कार्डाच्या कामगिरीला गुण देणारे बेंचमार्क आणि आपले नेहमीचे गेम.

निवड करण्याआधी मेमरी कशी चुकते ते पाहायला हवं. जीडीडीआर५ आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या ग्राफिक्स मेमरीत मेमरीची चिप आणि जीपीयू (कार्डाचा मुख्य प्रोसेसर) यांच्यात ये-जा करणाऱ्या डेटाची सीआरसी या चूक ओळखणाऱ्या पद्धतीने पडताळणी करण्याची सोय आहे. वाटेत बिघडलेला डेटा सापडला की बहुतेक कार्डं तो पुन्हा पाठवतात. त्यामुळे वेग हद्दीबाहेर नेला तरी पडद्यावर ठिपके येतीलच असं नाही. कार्ड तेच काम दोनदा करत राहतं आणि फ्रेम घटतात. ही पडताळणी फक्त वाटेपुरती असते. चिपमध्ये साठवलेला बिट उलटला तर सीआरसीला ते कळत नाही. म्हणजे बिघाड दोन जातींचे, आणि एकाच चाचणीत दोन्ही नीट पकडले जात नाहीत. ‘क्रॅश झालं नाही, म्हणजे स्थिर आहे’ हा निकष म्हणूनच मला मुळीच पटत नाही.

साठवणीतल्या चुका शोधायला मेमटेस्ट व्हल्कन सर्वांत सोयीचं. ते फुकट आणि मुक्त स्रोत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. मोकळी व्हीरॅम भरायची, परत वाचायची, ताडून पाहायची, एवढंच ते करतं. चूक सापडली तर कोणते बिट उलटले तेही सांगतं. शिवाय वाचण्या-लिहिण्याचा वेग गीगाबाइट प्रतिसेकंदात दाखवतं. क्लॉक वाढवूनही हा आकडा हलत नसेल, तर चुकांची संख्या शून्य असली तरी डेटा पुन्हापुन्हा पाठवला जात असल्याची शंका घ्यावी. ओसीसीटी या दुसऱ्या प्रोग्रामची व्हीरॅम चाचणी त्याच कामाची. काळ्या खिडकीतला मजकूर नको असेल, तापमानाचे आलेख समोर हवे असतील तर ती घ्या. दोन्हींची उणीव एकच: चाचणी चालू असताना कोअरवर (जीपीयूवर) गेमइतका ताण नसतो, त्यामुळे अख्खं कार्ड गेममध्ये तापतं तसं तापत नाही.

बेंचमार्क चुका मोजत नाही, पण फायदा होतोय की तोटा हे तोच सांगतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी कार्डाचं उदाहरण घेऊ. मेमरीपर्यंतची वाट (बस) १९२ बिटची, प्रत्येक बिटाच्या वाटेवर १५ जीबीपीएस (सेकंदाला १५ गीगाबिट), म्हणजे एकूण सेकंदाला ३६० गीगाबाइट. आफ्टरबर्नरमध्ये ५०० मेगाहर्ट्झ वाढवले (तिथला आकडा डेटाच्या वेगाच्या निम्मा असतो) की १६ जीबीपीएस, म्हणजे ३८४ गीगाबाइट. बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहण्याची ही क्षमता, साडेसहा टक्क्यांहून थोडी अधिक वाढली. सगळे गेम मेमरीवर अडत नसल्याने फ्रेम साधारणपणे याहून कमीच वाढतात. १००-१०० मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी वर जा आणि प्रत्येक पायरीवर, कार्ड तापलेलं असताना, बेंचमार्क दोन-तीनदा चालवा. गुण आधी वाढतील, मग रेंगाळतील, मग घसरतील. रेंगाळायला लागले की एक-दोन पायऱ्या खाली या. हा आलेख काढायचा कंटाळा करू नका. सगळ्या खटाटोपात माझ्या मते याचंच मोल सर्वांत जास्त.

थ्रीडीमार्क या बेंचमार्कची स्ट्रेस टेस्ट (ताण चाचणी) हे काम करत नाही. तिच्यात २० फेऱ्या होतात आणि फ्रेमरेटची स्थिरता निदान ९७ टक्के असेल तर कार्ड उत्तीर्ण. पण विसाही फेऱ्या सारख्याच मंद धावल्या तरी निकाल उत्तीर्णच येतो. शिवाय ती फुकटच्या आवृत्तीत नाही. कार्ड तापवणारा फरमार्क हा प्रोग्राम तर इथे सोडाच. तो कोअर आणि वीजपुरवठा तापवतो, मेमरीतला डेटा ताडून पाहत नाही.

गेम शेवटी हवेतच. लांबलचक खेळात कार्ड पूर्ण तापतं, आणि थंड असताना बिनचूक असलेली मेमरी तापल्यावर चुकू शकते. जीडीडीआर६एक्स असलेल्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० वर हे विशेष जपावं लागतं. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये मेमरी जंक्शनचं (मेमरी चिपच्या आतलं) तापमान पाहत राहा. ११० अंश सेल्सिअसला कार्ड स्वतःच वेग कमी करतं. त्याच्या आसपास पोचत असाल तर आधी थंडाव्याची सोय करा, क्लॉकचं नंतर बघू.

कार्ड केवळ गेमसाठी असेल तर आधी बेंचमार्कवरून वेग ठरवा, मग त्याच वेगावर तासभर मेमटेस्ट चालवा आणि नंतर निवांत खेळा. जीडीडीआर७ च्या चिपमध्ये चूक सुधारण्याची सोय आतच असल्यामुळे ती वापरणाऱ्या आरटीएक्स ५० मालिकेतल्या कार्डांत साठवणीतल्या काही चुकाही झाकल्या जातात. तिथे बेंचमार्कवर अधिक भर द्या.

रेंडरिंग किंवा एआय मॉडेलचं प्रशिक्षण करत असाल तर निकष कडक हवा. गेममध्ये एक पिक्सेल चुकला तर पुढच्या फ्रेममध्ये तो गेलेला असतो. हिशेबात चुकलेला आकडा मात्र निकालात राहतो. मेमटेस्टमध्ये एक जरी चूक दिसली तरी तो वेग बाद करा, आणि बिनचूक ठरलेल्या वेगापेक्षाही दोन-तीन पायऱ्या खाली राहा. एनव्हिडियाच्या अनेक जीफोर्स कार्डांवर क्युडा (जीपीयूवर हिशेब करण्याची एनव्हिडियाची प्रणाली) चालू झालं की कार्ड पी२ या थोड्या खालच्या वेगाच्या अवस्थेत जातं आणि मेमरीचा क्लॉक गेमपेक्षा थोडा उतरतो. तेव्हा चाचणी सुरू असताना प्रत्यक्ष क्लॉक किती आहे ते बघा. गेमसाठी ठरवायचा वेग क्युडाच्या चाचणीत तपासलात, तर त्याहून कमी वेगाचीच खात्री झालेली असते.