केगरेटर नऊ महिने वापरून: गॅस जातो कुठे आणि फेस येतो कुठून

मागच्या सप्टेंबरात दोन नळांचा केगरेटर घेतला, म्हणजे घरी बनवलेली बिअर थंड ठेवून नळातून देणारा फ्रिज, सोबत 5 गॅलनचे दोन जुने बॉल लॉक केग (बिअरच्या स्टीलच्या टाक्या, बॉल लॉक हा जोडणीचा प्रकार) आणि 5 पौंडाचा सीओटू सिलेंडर (कार्बन डायऑक्साइड, हाच बिअरमध्ये विरघळतो आणि तिला नळाकडे ढकलतो), सगळं इथे न्यू जर्सीत एडिसनला आमच्या बेसमेंटमध्ये. त्याआधी दर बॅचला पन्नासेक बाटल्या धुवायचो, शेवटी बायको म्हणाली एकतर छंद सोड नाहीतर माझं सिंक सोड. कंपनीचं नाव लिहीत नाही, निम्म्या चुका माझ्याच होत्या.

पहिला केग मस्त गेला. दुसरा अर्धा झाला आणि दिवाळीच्या पार्टीच्या आदल्या रात्री सिलेंडर ठणठण गोपाळ! एवढ्या गॅसमध्ये पाच-सहा केग तरी आरामात निघायला हवेत. आणि मी रोज सिलेंडरमधलं प्रेशर दाखवणारा मोठा गेज बघत होतो बरं का, काटा साडेपाचशे पीएसआयवरून (दाबाचं एकक) हलत नव्हता. नंतर कळलं की तो काटा काहीच सांगत नाही, आत थोडा जरी द्रव सीओटू असला तरी प्रेशर फक्त तापमानावर ठरतं, बाहेर 70 फॅरनहाइटला 800 च्या वर आणि फ्रिजमध्ये 38 ला साडेपाचशेच्या आसपास, द्रव संपला की मग एकदम कोसळतो. आता सरळ वजन करतो. सिलेंडरवर रिकामं वजन कोरलेलं असतं, माझ्यावर 7.6 पौंड आहे, ते वजा केलं की उरला तो गॅस.

लीक कुठे हे शोधण्यात दोन आठवडे गेले. रेग्युलेटरच खराब असं धरून तो बदलायला निघालो होतो. आईला व्हिडिओ कॉलवर सोडा मशीन गळतंय म्हणून सांगितलं (काय करणार), तर ती म्हणाली, "अरे मग साबणाचं पाणी लाव की, आपण गॅसच्या सिलेंडरला लावतो तसं." लावलं. रेग्युलेटर सिलेंडरला जोडतात तिथला नायलॉन वॉशर मी जुनाच परत वापरला होता, तिथे बारीक बुडबुडे, आणि एका केगच्या झाकणाभोवती तर अख्खी माळ. झाकणाची रिंग म्हणजे कुकरची रिंगच समजा, कडक झाली की बसत नाही. मऊ सिलिकॉनची नवी रिंग, तिला केग ल्यूब (रिंगला लावायचं वंगण) आणि आधी 30 पीएसआय देऊन झाकण घट्ट बसवायचं, मग जादाचा गॅस सोडून नेहमीच्या प्रेशरवर आणायचं. वॉशर मात्र आता प्रत्येक सिलेंडरला नवा, दहा-वीस सेंटची तर वस्तू.

एक गोष्ट इथे मला फार नडली. सिलेंडर बंद करून काटा पडतो का बघायचं अशी टेस्ट सगळे सांगतात, पण नवीन बिअरच्या केगला ती केली तर काटा पडणारच, कारण थंड बिअर गॅस पिते! मी त्यालाच लीक समजून एक संपूर्ण रविवार घालवला. टेस्ट रिकाम्या केगवर करा, नाहीतर केग काढून नुसत्या पाइपवर.

मग फेस. किटमध्ये बिअरची लाइन (केगपासून नळापर्यंतची नळी) 5 फुटांची दिलीये, हा कंजूसपणा आहे, याचे मी दोन स्टार कापतो. 12 पीएसआयला ग्लासभर फेसच, म्हणून मी प्रेशर 5 वर आणलं, आठवड्यात बिअर मिळमिळीत झाली आणि फेस तसाच, कारण कमी प्रेशरला बिअरमधला गॅस लाइनमध्येच सुटायला लागतो. शिवाय रेग्युलेटरचा नॉब उलटा फिरवला म्हणून केगमधलं प्रेशर आपोआप उतरत नाही, झाकणावरचा रिलीफ व्हॉल्व्ह ओढावा लागतो, हे मला डिसेंबरात कळलं. शेवटी आतून 3/16 इंचाची 10 फूट लाइन टाकली, 38 फॅरनहाइट, 12 पीएसआय (म्हणजे अंदाजे अडीच व्हॉल्यूम, बिअरच्या अडीचपट आकारमानाचा गॅस तिच्यात विरघळलेला), आणि हात लावायचा नाही. पहिला ग्लास तरी फेसाळायचा, कारण वरचा टॉवर, म्हणजे नळ बसवलेला खांब, गरम राहतो. कॉम्प्युटरचा जुना पंखा लावून खालची थंड हवा वर सोडली, तेव्हा बरं झालं.

आता जूनमध्ये तिसरा सिलेंडर चालू आहे, वजनाप्रमाणे अजून 3 पौंड शिल्लक. दुसऱ्या केगचा आउट पोस्ट (बिअर बाहेर यायचं तोंड), त्यावरचा डिस्कनेक्ट (लाइनची जोडणी) काढला की, थेंब थेंब गळतो, पॉपेट (त्या तोंडातला स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह) मागवलाय, तोवर खाली कटोरी ठेवलीये.